दोन स्टेशनांमध्ये मावेल तेवढं

सोमवार, ४ जानेवारी १९९९

...पाणी सहाला आलं. दोन्ही पिंपं भरली, अंगण झाडलं, चहा टाकला. दूधवाल्याला सांगितलं, उद्या अर्धा लिटरच. पोह्याचे पापड गच्चीत वाळत घातले, वर जुनं पातळ पसरलं, चार कोपऱ्यांना चार दगड. मग पायरीवर बसून चहा प्याले. शनिवारची सकाळ ही. लिहिण्यासारखं काही नाही. पण आज दिवसभर तीच आठवत होती, कारण तेव्हा डोकं रिकामं होतं आणि हात आपापली कामं करत होते.

आज करंदीकर साहेबांनी बोलावलं. ट्रेनिंगचे साहेब. म्हणाले, वहिनी, मुंबई ऑफिसचा हुकूम आहे. आता ट्रेनिंग कंप्युटरवर. ऑनलाइन. इथं मशीन, धडे मुंबईच्या मशीनमध्ये, मध्ये फोनची तार. पहिला धडा सुरक्षेचा, पहिली तुकडी पॅकिंगच्या बायका. मराठीत हवा.

मी म्हटलं, मग मी टाइप करून देते.

"टाइप नाही. लिहायचाच तुम्ही. एवढी वाचता, लायब्ररीवाला तुम्हाला बघून कपाट उघडतो म्हणे."

सातवी पास बाई मी. हे गेल्यावर कंपनीनं नोकरी दिली, पेणला क्लास लावून टायपिंग शिकले, त्याला आता चौथं वर्ष. आणि धडा लिहायचा. हो म्हणून टाकलं. रोह्याहून पेणला येताना गाडीत हसू येत होतं, खिडकीकडे तोंड करून बसले.

शुक्रवार, ८ जाने.

पॅकिंगच्या नऊ जणी कंत्राटावर आहेत. साहेबांनी आज नीट सांगितलं: धडा पूर्ण करायचा, परीक्षा पास व्हायची, नंतर सायरनची कवायत बरोबर करायची, तर १ एप्रिलपासून कायम. नाहीतर कंत्राट तिथंच संपलं.

सुगंधा त्यातलीच. पेणच्या खाडीकडची, घरचे मिठागरावर. माझ्याच गाडीनं येते-जाते. तिला सांगितलं तर म्हणते, "एक एप्रिल? वयनी, येप्रिल फूल करतील गो आमाना."

मग जरा वेळानं, हळूच, "पन लिवशील ना बरोबर? माज्या दोगी पोरी हायत."

म्हटलं, काही सोडणार नाही. सगळं घालते.

मंगळ., १२ जाने.

फाइली आणल्या. रसायनांच्या, हातमोज्यांच्या, आगीच्या, प्रथमोपचाराच्या, कायद्याच्या. स्टेशनवर सुगंधा: "काय गो, कंपनीचा कपाट घरी नेतेस काय?"

रात्रीचं जेवण उभ्यानंच उरकलं आणि वाचत बसले. किती आहे एकेकात! गॅस जड असेल तर जमिनीलगत पसरतो. हे मला माहीत नव्हतं. ह्यांना माहीत असणार, मेंटेनन्सला बावीस वर्षं काढली. कधी बोलले नाहीत. मी विचारलं नाही असंही नाही. विचारलं की म्हणायचे, घरात कंपनी नको.

गुरुवार, १४ जाने. संक्रांत

हळदीकुंकवाची बोलावणी येत नाहीत. सवय झाली. सवय झाली असं लिहिलं की झाल्यासारखी वाटते.

पॅकिंगच्या बायकांनी डब्यातून तिळाच्या वड्या आणल्या होत्या. एकीनं माझ्या हातावर ठेवायला जरा वेळ लावला. सुगंधानं तिला कोपरानं ढोसलं, "दे गो, वयनी गोड नाय बोलली तर परिक्षेत नापास करल."

तीन वड्या खाल्ल्या. गूळ जरा चिकट होता.

बुधवार, २० जाने.

मुंबईहून रेश्मा आली. कंप्युटरची इंजिनिअर, पंचविशीची असेल, चपळ मुलगी. मला काकू म्हणते. तिनं तार जोडली आणि मशीन मुंबईला फोन लावायला लागलं. खुराड्यात मुंगूस शिरल्यासारखा आवाज. शिपाई दारातून पळाला. मग चित्र उतरायला लागलं, वरून खाली, एकेक रेघ. हेल्मेट पूर्ण दिसेपर्यंत चहा झाला. माणूस यायला पुन्हा चहा.

जोडाक्षरं फुटतात. "ज्वालाग्राही"चे तीन तुकडे झाले. रेश्मा म्हणाली दुरुस्त करते.

बुधवार, २७ जाने.

शंभरावर पानं झाली. पडद्यावर मावतं तेवढं एक पान. क. साहेबांनी कंपनीचा इतिहास घालायला दिला, चेअरमनचा संदेश दिला, झेंड्याचं चित्र दिलं. मी आगीचे प्रकार घातले, विषबाधेची लक्षणं, हातमोजे पाच रंगांचे आणि कुठला कशाला. प्रत्येक पानाला वेगळ्या रंगाची चौकट. मागे सनई.

रेश्मा म्हणाली, "काकू, खूप होतंय."

म्हटलं, कमी सांगून कुणाचं भलं झालंय?

ती मशीनकडे वळली. चांगली मुलगी. पण नाकाला जरा सुरकुती पडली, ती मी पाहिली.

गुरुवार, ४ फेब्रु.

पहिली बैठक. ट्रेनिंग रूमला ए. सी. आहे आणि बायका सकाळी पाचच्या उठलेल्या. इतिहास संपायच्या आत तिघी झोपी गेल्या. एक चक्क घोरली. तार दोनदा तुटली, तेव्हा जाग आली सगळ्यांना, सनई थांबली म्हणून.

बाकीच्या "पुढे" लिहिलेल्या जागी उंदीर दाबत होत्या. उंदीर म्हणजे ते हातात धरायचं. सुगंधा तर भाकऱ्या थापल्यासारखी, थप थप थप.

"वाच तरी," मी म्हटलं.

"वाचते गो. डोळा भरभर चालतो माजा."

सोमवार, ८ फेब्रु.

परीक्षा. नऊच्या नऊ पास! साहेबांनी पेढे मागवले. मुंबईला फोन केला, मला पुढ्यात उभं करून: "आमच्या वहिनींनी लिहिलंय."

घरी येताना ह्यांची फार आठवण झाली. सांगायला कुणीतरी लागतं. फोटोला सांगितलं, पण फोटो "बरं" म्हणत नाही. हे म्हणायचे, बरं. तेवढंच म्हणायचे.

पेढा अर्धा ठेवला होता, नंतर मीच खाल्ला.

शुक्रवार, १२ फेब्रु.

काय लिहू.

आज कवायत होती. कुणाला न सांगता. साडेचारला धोक्याचा सायरन वाजवला. मुंबईचे एक मोठे साहेब घड्याळ घेऊन उभे. काम टाकायचं, वाऱ्याच्या पिशवीकडे बघायचं (खांबावर फुगते ती), वारा जिकडून येतो तिकडच्या जमायच्या जागी जायचं. एक जागा कँटीनमागे, दुसरी गेटजवळ.

नऊ जणींनी सायरन ऐकला, काम टाकलं. इथवर बरोबर. मग हात धुतले, डबे पिशवीत भरले, एकीनं वेणी सारखी केली आणि सगळ्या बसच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. कंपनी आज अर्धा तास लवकर सुटली म्हणून खुशीत. सुगंधानं मुंबईच्या साहेबांना विचारलं, "तुमी पन स्टेशनाला का? या, जागा हाय."

सुटीचा सायरन एक लांब. धोक्याचा तुटक तुटक. लिहिलं होतं मी. सत्तावीस नंबरचं पान. निळी चौकट.

सायरन थांबल्यावर क. साहेब चष्मा पुसत राहिले. मुंबईचे साहेब म्हणाले, मार्चमध्ये पुन्हा एकदा बघू. मग नाही.

त्याच दिवशी, गाडीत

राग आवरेना. सुगंधाला म्हटलं, पास कशा झालात गं मग?

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एकीनं सुरू केलं आणि बाकीच्यांनी उचललं, फुगडीच्या चालीवर, टाळ्या देत:

"दुसरा चौथा, पयला तिसरा,
पयला पयला, चौथा दुसरा..."

उत्तरांचे नंबर! सरावात प्रश्न कायम त्याच क्रमानं येतात हे त्यांनी हेरलं, गाणं बांधलं आणि पाठ केलं. प्रश्न एकीनंही वाचला नव्हता. डब्यातला चणेवाला पण ठेका धरून.

हसावं की रडावं. मी हसले नाही.

सुगंधा माझ्याजवळ सरकली. "रागावतेस कशाला? तूच भरलास ना सगला. एवडा मोटा ताट वाडलास, आमी काय जेवनार, भाजी कंची नि भात कंचा तेच कलंना. म्हनून पान उचललं नि हात धुतलं."

रविवार, १४ फेब्रु.

दिवसभर बाहेर गेले नाही. कपडे वाळत घातले, काढले, घड्या केल्या, पुन्हा केल्या.

ह्यांच्या वेळी डॉक्टर बाहेर आले तेव्हा बरंच बोलले. हृदयाचं, रक्ताचं, कुठली नळी, कुठलं इंजेक्शन दिलं, का दिलं. भला माणूस, काही लपवू नये म्हणून सगळं सांगत होता. मला "बसा" एवढंच ऐकू आलं. बसले. नंतर भावजींनी विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, बसा म्हणाले.

मग मला कसं कळलं नाही, शंभर पानं लिहिताना?

बुधवार, १७ फेब्रु.

परतीच्या गाडीत एक प्रयोग केला. सुगंधाला म्हटलं, मी एक गोष्ट सांगते, गाडी पुढच्या स्टेशनात शिरली की तू मला परत सांग.

रोहा ते नागोठणे: सायरन. सुटीचा लांब, धोक्याचा तुटक. मी तोंडानं काढून दाखवला. समोरचे गृहस्थ पेपर खाली करून बघत राहिले.

नागोठण्याला तिनं काढून दाखवला. माझ्यापेक्षा मोठ्यानं. गृहस्थ उठून दुसरीकडे गेले.

नागोठणे ते कासू: सायरनखेरीज पिशवी, वारा, जमायची जागा, हातमोजे. पाच-सहा गोष्टी एकदम. कासूला विचारलं तर म्हणाली, "हातमोजं... नि बोरं घे गो, बोरंवाली चालली."

कासू ते पेण: पुन्हा एकच. वारा तोंडावर घेऊन चालायचं. पेणला उतरताना प्लॅटफॉर्मवरच तोंड फिरवून दाखवलं तिनं. खाडीकडून येत होता. बरोबर.

म्हणजे एका अंतरात एक.

सोमवार, २२ फेब्रु.

कापायला बसले. बागेतलं तण काढावं तसं वाटेल असं धरून चालले होते. तसं नाही वाटत. गॅस जमिनीलगत पसरतो ते पान किती छान जमलं होतं. तीनदा काढलं, तीनदा ठेवलं.

मी पुस्तक वाचून दाखवायला लागले की हे म्हणायचे, अगं वाचून नको दाखवू, काय झालं ते सांग. मला राग यायचा. इतकं सुंदर लिहिलेलं, आणि म्हणे काय झालं ते सांग. पण मग मी सांगायची, आणि सांगताना कळायचं की मला तरी कुठं नीट कळलं होतं.

काढलं ते पान. चौथ्यांदा. सनई पण काढली.

बुधवार, २४ फेब्रु.

क. साहेबांशी वाजलं. इतिहास नाही, चेअरमन नाही, झेंडा नाही, म्हणाले, हे काय ठेवलंय? अकरा ओळी?

"साहेब, बायका बसच्या रांगेत उभ्या राहिल्या."

"वहिनी, उद्या काही झालं आणि एखादीनं म्हटलं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, तर? सही माझी असते खाली. सगळं सांगितलं होतं एवढं तरी दाखवता आलं पाहिजे मला."

 माणूस खोटं बोलत नव्हता. भीती खरी आहे, आणि मलाही तीच वाटते. मी शंभर पानं लिहिली ती त्याच भीतीनं.

रेश्मा कोपऱ्यात बसून केळं खात होती. म्हणाली, "सर, टाकून नको द्यायला. मागे ठेवू. समोर एकच गोष्ट. ज्याला जास्त हवं त्यानं खालचं बटण दाबावं, तिथं सगळं आहे. आणि एक छापील फाइल पॅकिंगच्या कपाटात. लागेल तेव्हा काढायची."

साहेबांनी त्या अकरा ओळी पुन्हा वाचल्या. मग, "चेअरमन पण मागे?"

"चेअरमन सगळ्यात मागे," रेश्मा म्हणाली.

साहेब हसले. मी पण. मग वाटलं, महिनाभरापूर्वी तिच्या नाकाची सुरकुती पाहिली तेव्हाच विचारायला हवं होतं.

शुक्रवार, ५ मार्च

होळी झाली. बायकांच्या कानांमागे अजून रंग. क. साहेबांच्याही.

नवं चालू झालं. कामाची पाळी सुरू व्हायच्या आधी रोज एक पान, चहाच्या वेळात. दुसऱ्या दिवशी कालचं विचारायचं, मग नवं. पहिल्या पानावर अक्षरच नाही. नुसते दोन आवाज, दोन चित्रं: लांब आवाजाला बस, तुटक आवाजाला खांबावरची पिशवी. आवाज रेश्मानं टेपवर घेऊन मुंबईला नेला होता. आज फोनवरून उतरवायला इतका वेळ लागला की ऑफिसचा फोन सकाळभर बंद. साहेबांच्या मिसेसनी शेवटी शेजारच्या कंपनीत फोन करून निरोप दिला, भाजी आणा.

प्रश्नांचा क्रम आता रोज बदलतो. फुगडी बंद.

बुधवार, १० मार्च

सुगंधा आज चुकली. वाऱ्याच्या प्रश्नाला. मशीननं लाल फुली दाखवली. पदराला हात पुसत उठली आणि म्हणाली, "कंप्युटर नाय हा, सासू हाय. दिसला काय चुकला की बोट दाकवते."

बाहेर गेली. मी मागे गेले तर पाण्याच्या टाकीमागे उभी, डोळे लाल. "मना नाय जमनार गो वयनी. वारा मना ठावं हाय. पन तो चौकोनात काडलेला वारा मना नाय कलत."

बघितलं जाऊन. खरंच, बाण असा काढला होता की वारा येतोय का जातोय कळेना. तो बाण मीच सांगितला होता. बाण काढला, त्या जागी बाईचं चित्र, पदर मागे उडतोय. आता कुणीच चुकत नाही.

गुरुवार, १८ मार्च. पाडवा

गुढी उभारली. शेजारच्या काकू म्हणाल्या, एकटीसाठी कशाला एवढा खटाटोप. म्हटलं, काठी होती घरात.

मन थाऱ्यावर नाही. कवायत ह्या आठवड्यात किंवा पुढच्या. एकसारखं वाटतं, अजून एक पान घालावं. प्रथमोपचाराचं तरी. हात शिवशिवतात. घातलं नाही.

बुधवार, २४ मार्च

सोमवारी कवायत झाली. आता सावकाश लिहिते.

सकाळी अकराला वाजला. तुटक तुटक. मी ट्रेनिंग रूमच्या खिडकीत. पॅकिंगचं दार उघडलं, नऊ जणी बाहेर. डबा कुणाच्याच हातात नाही. एकीच्या हाताला पावडर तशीच. सगळ्यांनी माना वर केल्या, पिशवीकडे. पिशवी कँटीनकडे शेपूट करून उडत होती, म्हणजे वारा गेटकडून. चालत्या झाल्या गेटकडे, पदर मागे. पळापळ नाही. सुगंधा सगळ्यांत पुढे, ओरडत होती, "तोंडावं घ्या गो, तोंडावं!"

नऊ मोजल्या. नऊ भरल्या. क. साहेबांनी माझ्या खिडकीकडे बघून हात वर केला. मी खाली बसले. 

मग मुंबईचे साहेब, तेच फेब्रुवारीतले, रांगेपुढे आले. सुगंधाला विचारलं, "हातमोज्यांचे रंग किती? हिरवा कशाला वापरायचा?"

ते पान मी काढलेलं. मागे ठेवलेलं.

ती म्हणाली, "ते आमच्या पानात नाय, साहेब. फायलीत हाय. फाइल कपाटात, वरच्या खनात. चावी माज्याकडं हाय, आनू?"

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. हसले की नाही, मला खिडकीतून दिसलं नाही. क. साहेब म्हणतात हसले. रेश्मा म्हणते नाही. कागदावर काहीतरी लिहिलं आणि गाडीत बसून गेले. उत्तर मुंबईहून येणार. अजून आलेलं नाही.

परत येताना सुगंधा म्हणाली, "मी चुकले काय गो?"

म्हटलं, नाही. मला माहीत नाही असं म्हणणं खरं झालं असतं, पण "नाही" म्हटलं. कासू आलं. मग तिनं पिशवीतून बोरं काढली, अर्धी मला दिली. "मना कामावं नाय ठेवला तर तुज्या घरी येऊन पापड लाटीन. तुजं वाकडं व्हतात."

"तुझे काय सरळ होतात?"

"येऊन बघ."

रात्री बराच वेळ विचार केला, रंग विचारतील हे मला कळायला हवं होतं का. कळलं असतं तर घातलं असतं, आणि ते घातलं असतं तर आणखी काय काय. ह्याला अंत नाही.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या गाडीनं गेले, मशीन लावलं आणि हिरव्या हातमोज्याचं पान लिहिलं. एकच.